येरळाकाठची चुनाभट्टी: कंकर भाजण्याच्या जुन्या रीतीचा पुनर्प्रयोग

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात, येरळा नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या दरडीत जुन्या चुनाभट्टीचे अवशेष आहेत. गावाचे, संस्थांचे आणि माणसांचे नाव या टिपणात घेतलेले नाही. भट्टीपासून हाकेच्या अंतरावर मराठेकालीन घडणीची एक बारव आहे. तिच्या कठड्याचे सांधे मध्यंतरी सिमेंटने भरले गेले. पावसाचे पाणी सिमेंटमागे अडकून राहिले आणि सांध्यांतला मूळ चुना भुसभुशीत होऊन गळू लागला. दुरुस्ती चुन्यानेच करायची, हे गावाने आणि वारसा जपणाऱ्या एका गटाने मिळून ठरवले. पुरातत्त्व शिकवणारा एक महाविद्यालयीन विभाग पुढे सोबत आला आणि साध्या दुरुस्तीच्या कामाला प्रयोगाची जोड मिळाली: हा चुना बाजारातून न आणता, शेजारच्या भट्टीत पूर्वी भाजत तसाच भाजून पाहायचा.

या भागाचा चुना समजून घ्यायचा तर आधी इथला दगड पाहावा लागतो. सातारा-सांगलीत बहुतेक ठिकाणी काळा बेसॉल्ट. चुनखडकाचे थर इथे नाहीत. तरीही किल्ले, वाडे, घाट, बारवा चुन्यात बांधल्या गेल्या, कारण काळ्या मातीखाली आणि ओढ्यानाल्यांच्या दरडीत कंकर, म्हणजे चुनखडीचे खडे मुबलक सापडतात. बेसॉल्ट झिजताना त्यातला कॅल्शियम पाण्यात उतरतो आणि कोरड्या हवेत पाणी उडून गेले की कार्बोनेटच्या रूपात गाठी धरतो. म्हणूनच माण, खटाव, आटपाडी, जत या पर्जन्यछायेच्या तालुक्यांत चुनखडीची जमीन इतकी. हा चुना भाजण्याचे काम परंपरेने लोणारी समाजाकडे होते. केंजळगड, वसंतगड अशा किल्ल्यांवर चुना मळण्याचे दगडी घाणे आजही दिसतात. घाणे लोकांच्या नजरेत भरतात, भट्ट्या मात्र ओढ्याच्या पुराबरोबर वाहून जातात. त्यामुळे चुना मळण्याबद्दल लिहिलेले बरेच सापडते आणि भाजण्याबद्दल फारच थोडे.

प्रश्न काय होता

अवशेष म्हणजे दरडीत कोरलेली गोल विहीरवजा जागा, आतून मातीत बसवलेले दगड, खाली पश्चिमेकडे उघडणारे एक तोंड. वरचा निम्मा भाग ढासळलेला. दगडांमागची माती वीतभर खोल लाल झाली होती, म्हणजे भट्टी अनेकदा लागली होती. आतल्या दगडांवर काचेसारखा थर मात्र कुठेच नव्हता.

बारवेतून गळून पडलेल्या जुन्या चुन्याचे तुकडे भिंगाखाली पाहिले, तेव्हा तीन गोष्टी दिसल्या: लाकडी कोळशाचे बारीक कण, पांढरे न मिसळलेले चुन्याचे ठिपके आणि अधूनमधून कंकराचे अर्धवट भाजलेले, राखाडी गाभे.

यावरून प्रश्न ठरले. भट्टीत दगड आणि जळण एकत्र थर लावून भरत होते की जळण खाली आणि दगड वर? आच किती चढवत होते? आणि त्या रीतीने निघालेला चुना आज कठड्याच्या दुरुस्तीला चालेल का? शेवटचा प्रश्न गावाचा होता, पहिले दोन अभ्यासकांचे. एकाच भट्टीकडून दोघांच्याही अपेक्षा होत्या आणि पुढचे बरेचसे ताण तिथूनच आले.

तोललेले पर्याय

पहिला पर्याय जुनीच भट्टी डागडुजी करून पेटवण्याचा होता. गावकऱ्यांना तो आवडला होता. अभ्यासकांनी नकार दिला आणि तो नकार शंभर टक्के योग्य होता. एकदा नवी आच लागली की जुन्या भिंतीवरचा पुरावा कायमचा पुसला जातो. शेजारी त्याच दरडीत, त्याच मापाची नवी भट्टी कोरायचे ठरले.

दुसरा निर्णय भरण्याच्या रीतीचा. रोमन काळातल्या भट्ट्यांची माहिती सविस्तर मिळते. रोमन लेखक केटोने इ.स.पू. दुसऱ्या शतकात भट्टीची मापेच देऊन ठेवली आहेत: १० फूट रुंद, २० फूट उंच, वर निमुळती होत ३ फूट. जर्मनीतल्या इव्हर्सहाइम इथे उत्खननात सापडलेल्या रोमन भट्टीत तसा प्रयोगही झालेला आहे. त्या रीतीत दगडांची कमान रचून तिच्याखाली कित्येक दिवस लाकूड जाळत राहतात. कागदावर हा मार्ग सोपा होता, कारण नक्कल करायला नमुना तयार होता. पण कमान रचायला मोठे, चपटे दगड लागतात. लिंबाएवढ्या कंकराची कमान उभी राहत नाही. शिवाय त्या रीतीत जळण दगडात मिसळत नाही, आणि बारवेच्या चुन्यात तर कोळशाचे कण ठिकठिकाणी होते. म्हणून थरांची रीत निवडली. माहिती जास्त मिळते म्हणून परकी रीत उचलण्यापेक्षा हातातल्या तुकड्यावर भरवसा ठेवला, हे या प्रकरणातले सर्वांत चांगले पाऊल.

जळणासाठी लाकूड, लोणारी कोळसा आणि शेणी असे तीन पर्याय होते. वेडी बाभूळ परिसरात माजलेली आहे, तिचा कोळसा सहज मिळाला. पेटवणीला शेणी.

तयारी

चुना भाजण्यासाठी काढलेले कंकर गौण खनिजात मोडते, त्यामुळे तहसील कार्यालयाची परवानगी आधी घेतली. घरच्या शेतातली चुनखडी उचलायला कागद कशाला, असे अनेकांना वाटते, आणि काम तिथेच अडकते.

नव्या भट्टीची आतली मापे: तळाशी व्यास ३ फूट, वर ४ फूट, उंची ५ फूट. आतून बेसॉल्टचे दगड आणि त्यावर भुसा मिसळलेल्या मातीचा दोन बोटे जाड लेप. जुन्या भट्टीला पश्चिमेकडे एक तोंड होते. नव्या भट्टीला गटाने दोन तोंडे ठेवली, एक पश्चिमेला, एक दक्षिणेला. वारा कमी पडू नये हा हेतू. भट्टीच्या मध्यावर आणि वरच्या थरात के प्रकारची थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तारेची उपकरणे, बसवली.

कंकराचा कस काढायची घरगुती म्हणावी इतकी सोपी रीत आहे. वाळवून कुटलेले १० ग्रॅम कंकर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये फसफस थांबेपर्यंत ठेवायचे, गाळायचे, उरलेला गाळ धुऊन, वाळवून तोलायचा. इथे २.४ ग्रॅम गाळ उरला. म्हणजे सुमारे ७६ टक्के कार्बोनेट, बाकी माती आणि वाळू. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट पूर्ण भाजले की ४४ टक्के वजन कर्बवायूच्या (कार्बन डायऑक्साइडच्या) रूपाने जाते. तेव्हा या कंकराचे वजन पूर्ण भाजल्यावर साधारण एक तृतीयांशाने घटायला हवे: ६०० किलो भरले तर ४०० किलो निघायला हवेत. भट्टी किती भाजली हे सांगणारा हा सर्वांत स्वस्त आकडा आहे, फक्त कंकर भरण्यापूर्वी उन्हात खडखडीत वाळलेले पाहिजे. ओल असेल तर वजन फसवते.

याखेरीज प्रत्येकी २ किलो कंकराच्या, नायक्रोम तारेच्या छोट्या जाळ्या भट्टीत ठरलेल्या जागी पुरल्या. कुठे काय भाजले हे नंतर जागेवार कळावे म्हणून.

पहिली भट्टी

तळाला ४० किलो शेणी, त्यावर कोळसा आणि कंकर यांचे थर. कंकर ६०० किलो, कोळसा १५० किलो. खडे जसे निघाले तसेच भरले: सुपारीएवढ्यापासून नारळाएवढ्यापर्यंत. वर खापऱ्यांचा थर आणि चिखलाने झाकण, मध्ये धूर जायला जागा. सकाळी पेटवली, दोन्ही तोंडे पूर्ण उघडी. एप्रिल होता. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला तसा मधल्या थर्मोकपलचा आकडा चढत गेला आणि १,२०० अंश सेल्सिअसच्या पुढे ते बंद पडले. वरच्या थरात त्या वेळी ७०० होते.

कार्बोनेट फुटून कर्बवायू निघायला साधारण ९०० अंश लागतात. १,००० ते १,०५० पर्यंत कंकराला सोसते. त्यापुढे कंकरातली माती आणि जळणाची राख चुन्याशी मिळून वितळू लागते.

भट्टी उघडल्यावर निघाले ४५२ किलो. मधल्या भागात खडे एकमेकांना चिकटून त्यांची ढेप झाली होती, वर हिरवट काळी काच. लेपावरही तीच काच. असे खडे पाण्यात टाकले तर तासभर काही होत नाही. आणि त्याच भट्टीतले मोठे खडे फोडले तर मध्ये राखाडी, जसाच्या तसा कच्चा गाभा. मोठ्या आचेवरच्या भाकरीसारखे, वरून करपलेले आणि आत कच्चे.

इथे निर्णयाची खरी घडी आली. वजन पुरेसे घटले नाही आणि गाभे कच्चे राहिले, म्हणून आच कमी पडली, कोळसा २०० किलो करू आणि भाता लावू, असा एक मतप्रवाह होता. आकड्यांवर नजर टाकली तर तो पटण्यासारखाही होता. गावातले एक वृद्ध, ज्यांच्या घरी चुना भाजण्याचा धंदा होता आणि ज्यांना सगळे आबा म्हणत, त्यांनी फुटलेले खडे हातात घेऊन पाहिले. त्यांचे म्हणणे अगदी उलट होते: आच कमी करा, खडा बारीक करा, भट्टी जास्त वेळ राहू द्या.

आबांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. खडा बाहेरून आत भाजत जातो. बाहेर तयार झालेला चुना सच्छिद्र असतो आणि उष्णता आत सहज जाऊ देत नाही. खड्याची जाडी दुप्पट झाली की भाजायला वेळ साधारण चौपट लागतो. तेव्हा कच्चा गाभा हे आच कमी पडल्याचे लक्षण नसते. तो खडा मोठा होता किंवा वेळ थोडा पडला, एवढेच तो सांगतो. आच किती होती ते काच सांगते. दोन वेगळ्या दोषांना एकच कारण समजून कोळसा वाढवला असता, तर पुढची सगळी भट्टी दगड होऊन निघाली असती.

आणि जुन्या भट्टीच्या भिंतीवर काच नाही, ही गोष्ट पहिल्या दिवसापासून नोंदवहीत होती. तिचा अर्थ नवी भिंत चकाकली तेव्हा लागला.

दुसरी भट्टी

आतला सगळा लेप खरवडून नवा दिला, म्हणजे भिंतीवर उमटेल ते या भट्टीचेच. दक्षिणेकडचे तोंड दगड-मातीने बुजवले. कंकर धुऊन चिकटलेली माती काढली, कारण वितळण्याची सुरुवात त्या मातीपासून होते. मोठे खडे हातोडीने फोडून सगळे लिंबू ते अंडे या मापात आणले. सुपारीहून बारीक चुरा चाळून बाजूला टाकला. चुरा भरला की वाऱ्याच्या वाटा बुजतात आणि आच एका कडेने पळते. जे जरा मोठे होते ते मध्यभागी, लहान कडेला.

कंकर पुन्हा ६०० किलो, कोळसा १०० किलो, तळाला ४० किलो शेणी. थर कंकराचा वीतभर, कोळशाचा चार बोटे. पश्चिमेच्या तोंडावर एक सपाट फरशी उभी केली आणि वाऱ्याप्रमाणे ती सरकवत राहिले. या फरशीवर एक माणूस कायम बसवला होता, आणि भट्टीचे अर्धे यश त्याचे आहे. मधला आकडा ९५० ते १,०५० मध्ये दहा तासांच्या वर टिकला. तोंडातून दिसणारा रंग नारिंगी असला की फरशी तशीच, पिवळा व्हायला लागला की अर्धे तोंड बंद. थर्मोकपल नसतानाही हे जमू शकते, एवढा रंगातला फरक डोळ्याला कळतो.

भट्टीच्या वाऱ्याखालच्या बाजूला कुणाला झोपू दिले नाही. कर्बवायू खोलगट जागेत साठतो, त्याच्यासोबत विषारी कार्बन मोनॉक्साइडही असतो आणि थंडीत उबेला भट्टीशेजारी झोपलेली माणसे दगावण्याचा धोका असतो. दरडीतल्या भट्टीत हा धोका अधिक.

दोन दिवस निवल्यावर भट्टी उघडली. वजन ४१८ किलो. म्हणजे अपेक्षित २०० किलोंपैकी १८२ किलो घट, साधारण ९१ टक्के भाजणी. मधल्या जाळ्यांतले २ किलो खडे १.३५ किलोच्या आसपास आले, वरच्या थरातले १.६ किलोवर अडकले. वरचे कच्चे खडे वेगळे काढून पुढच्या भट्टीच्या मध्यावर घालण्यासाठी ठेवले. भिंत लालसर, मातकट. काच नाही.

चुना विझवताना

कळीचा चुना, म्हणजे भाजलेला पण अजून पाण्याने न विझवलेला चुना, हाती आल्यावर दुसरा वाद उभा राहिला. संवर्धनाच्या कामांत चुना हौदात पाण्याखाली महिना-महिना मुरवण्याची पद्धत रूढ आहे आणि कंत्राटदाराच्या गवंड्यांचा आग्रह तोच होता. शुद्ध चुन्याला ती पद्धत उत्तम, जितका जुना तितका चांगला. कंकराचा चुना वेगळा आहे. त्यात भाजलेली माती असते आणि ती चुन्याशी मिळून पाण्यातही घट्ट होते. बांधकामाच्या चुन्यासाठीच्या भारतीय मानक ७१२ मध्ये कंकर चुन्याला स्वतंत्र ‘ई’ वर्ग दिलेला आहे तो याच वेगळेपणामुळे.

दोन्ही बाजूंचे समाधान व्हावे म्हणून २० किलो हौदात घातला. तीन आठवड्यांनी तळाशी फावडे न लागणारी वडी जमली होती.

बाकीचा चुना फरशीवर वीतभर जाड पसरून झारीने पाणी शिंपडत विझवला. चार किलोला साधारण एक लिटर, तेही एकदम नाही, तीन-चार वेळा. शुद्ध चुना फुलून दुप्पट-अडीचपट होतो आणि वाफांचे लोट उठतात. हा हळूहळू तडकतो, फुगतो थोडा. त्यामुळे चुना कच्चा आहे असे वाटून गवंडी जास्त पाणी ओततात आणि तो तिथेच मरतो. ओल्या गोणपाटाखाली रात्रभर ठेवला, सकाळी चाळला. न फुटलेले खडे दळायला वेगळे काढले. गॉगल, रबरी हातमोजे सगळ्यांना सक्तीचे होते. कळीचा चुना अंगावर उडाला तर आधी कोरड्या फडक्याने झटकायचा, मग भरपूर पाण्याने धुवायचे. डोळ्यात गेला तर मात्र क्षण न दवडता पाणी आणि थेट दवाखाना.

कंकराच्या चुन्याला घाण्याची गरज इथे कळते. न फुटलेल्या, जरा जास्त भाजलेल्या कणांना बारीक केल्याशिवाय तो चुना अर्धाच वापरला जातो. मळणी दुसऱ्या कामावरच्या विजेच्या घाण्यावर करून घेतली. प्रयोगातला हा भाग जुन्या रीतीला धरून नाही आणि नोंदीत तसे स्पष्ट लिहिले आहे. गूळपाणी, हिरड्याचे पाणी, बेलफळ यांपैकी काहीही घातले नाही. घालायला हरकत नव्हती, पण मग चुना भट्टीमुळे चांगला निघाला की गुळामुळे, हे सांगता आले नसते.

निष्पत्ती

एक भाग चुना, दोन भाग धुतलेली वाळू असा माल करून आधी हाताएवढ्या वड्या पाडल्या. ओल्या गोणपाटाखाली आठवडाभर ठेवून त्या पाण्यात बुडवल्या. कंकराच्या चुन्याची वडी शाबूत राहिली. तुलनेसाठी बाजारच्या शुद्ध चुन्याची वडी पाण्यात विरघळून गेली. ओलीत असणाऱ्या बारवेला कोणता चुना हवा, हे गावातल्या लोकांना या एका भांड्याने पटले.

कठड्याच्या एका लहान भागात सांधे भरून पावसाळाभर पाहिले. सांधे टिकले, पाणी आत जिरून पुन्हा बाहेर येऊ लागले. पण चुन्यावर मसुराएवढे खळगे ठिकठिकाणी पडले होते. प्रत्येक खळग्याच्या तळाशी एक कडक कण. हे जास्त भाजलेले कण असतात. ते उशिरा पाणी पितात, फुगतात आणि वरची टिकली उडवतात.

पुरातत्त्वाच्या बाजूने हाती काय लागले ते मोजूनमापूनच सांगावे लागेल. थरांची रीत, मापातले कंकर आणि दाबलेली आच यांतून जुन्या भिंतीसारखीच भिंत आणि बारवेतल्यासारखाच चुना निघतो, कोळशाच्या कणांसकट. असे करता येते, हे सिद्ध झाले. तसेच करत होते, याची शक्यता बळकट झाली. जुन्या भट्टीचा लेप कुणी दरवर्षी खरवडत असेल, तर काच नसण्याचे कारण तेही असू शकते. मधोमध फुटलेल्या काचेच्या ढेपा भट्टीशेजारच्या राखेच्या ढिगात सापडतात का, हे पाहिल्याशिवाय तो मुद्दा मिटत नाही, आणि त्या ढिगाला अजून परवानगीअभावी हात लावलेला नाही.

काय वेगळे करता आले असते

राखेच्या ढिगाची परवानगी भट्टी कोरण्याआधी मागायला हवी होती. पहिल्या भट्टीतला कोळसा आणि कष्ट कदाचित वाचले असते.

जुन्या भट्टीला एकच तोंड असताना नव्या भट्टीला दोन देणे, ही सगळ्यांत महाग पडलेली सुधारणा. पुनर्प्रयोगात मूळ वस्तूत दिसत नाही ते घालू नये. घालायचेच असेल तर आधी मुळाबरहुकूम एकदा करून पाहावे.

आबांना पहिल्या भट्टीनंतर विचारले गेले. त्यांना कंकर निवडण्याच्या दिवशी बोलवायला हवे होते, आणि त्यांच्या मजुरीची तरतूद अंदाजपत्रकात हवी होती. जाणकाराचा वेळ फुकट गृहीत धरण्याची सवय आपल्याकडे फार आहे आणि अशा कामांत ती लाजिरवाणी वाटते.

खळग्यांचा दोष चाळणीचा आहे. विझवलेला चुना ३ मिलिमीटरच्या जाळीतून चाळला होता. १ मिलिमीटरच्या आतली जाळी हवी. शिवाय माल कठड्यावर लावण्यापूर्वी त्याच्या चकत्या पाडून तीन तास वाफेवर ठेवल्या असत्या, तर उडणाऱ्या टिकल्या तिथेच दिसल्या असत्या.

पुढची भट्टी कोळशाऐवजी बाभळीच्या वाळलेल्या लाकडावर लावायची आहे. कंकर तेवढेच, लाकूड साधारण २०० किलो, तोंड एकच, पश्चिमेला. त्या आधी कठड्यावरचे खळगे कोरून काढून बारीक चाळलेल्या चुन्याने भरायचे काम दिवाळीनंतर, ऊन खाली आल्यावर, हाती घेतले जाईल.